राखून ठेवलेला व्हिसेरा

‘मृत्यूचे नेमके कारण समजू शकले नसून व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ पेपरातली बातमी बहुधा या वाक्यावर संपते. खरे काम सुरू होते ते त्यानंतर.

व्हिसेरा म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग: जठर आणि त्यातले अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड. हे भाग बरणीत, साध्या मिठाच्या पाण्यात ठेवतात. मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालायचे. लोणचे ज्या कारणाने टिकते, त्याच कारणाने हे अवयव टिकतात. रक्तात मात्र सोडियम फ्लोराइड घालतात. मग सील लावून पोलीस ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचवतात. मुंबईत ती कलिन्याला आहे. तिथून येणाऱ्या अहवालाला पोलीस ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात; सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक.

दारू शोधण्याची रीत मला फार देखणी वाटते. रक्ताची बंद कुपी गरम केली की अल्कोहोलची वाफ होऊन रक्तावरच्या मोकळ्या जागेत जमते. तेवढी हवा सुईने ओढून गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या लांबलचक, बारीक नळीत सोडतात. प्रत्येक पदार्थ नळीतून आपापल्या वेगाने बाहेर पडतो. मिथेनॉल आधी, पिण्याच्या दारूतले इथेनॉल मागून.

हा क्रम महत्त्वाचा. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. शरीरात मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड होते, मग फॉर्मिक आम्ल. हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. पण त्याला काही तास लागतात, म्हणून पिणाऱ्याला सुरुवातीला नेहमीचीच नशा वाटते. वेळेत दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णाला डॉक्टर इथेनॉलही देऊ शकतात. यकृतातले एन्झाइम आधी इथेनॉलकडे वळते आणि मिथेनॉलचे विष होणे लांबते.

आकडा मिळाला म्हणजे उत्तर मिळाले असे नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. म्हणून रक्त घेताना त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, नाहीतर संशय त्या बोळ्यावरही जाऊ शकतो. मृतदेहात तर आणखी गुंता. शरीर कुजू लागले की जिवाणू रक्तातल्या साखरेपासून स्वतःच अल्कोहोल तयार करतात. कधी दारूला न शिवलेल्या माणसाच्या रक्तातही मग ते सापडू शकते! अशा वेळी डोळ्याच्या बुबुळामागचा जेलीसारखा द्रव उपयोगी पडतो. तो आतड्यातल्या जिवाणूंपासून लांब, बंदिस्त असतो. रक्तात अल्कोहोल आहे आणि डोळ्यात नाही, तर ते मृत्यूनंतर तयार झाले असण्याची शक्यता मोठी.

औषधांचेही तसेच. काही औषधे मृत्यूनंतर यकृत-फुफ्फुसातून झिरपून हृदयातल्या रक्तात उतरतात आणि प्रमाण फुगलेले दिसते. त्यासाठी मांडीच्या शिरेतले रक्त घ्यावे लागते.

‘विष आढळले नाही’ या शेऱ्याचे तर मला नेहमी भय वाटते. नातेवाईक तो वाचून ‘म्हणजे विष नव्हतेच’ असे समजतात. पण धान्यात ठेवायच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन हा वायू आहे, तो उडून जाऊ शकतो. सापाचे विष हे प्रथिनांचे मिश्रण, नेहमीच्या रासायनिक चाचण्यांत ते दिसत नाही. म्हणून घटनास्थळी काय सापडले, उलटीला वास कसला होता, आदल्या दिवशी शेतात कोणती फवारणी केली होती, हे बरणीसोबतच्या कागदावर लिहून जायला हवे.