तैलरंगातलं व्यक्तिचित्र आणि 1919 चा वाद

मुंबईतल्या कलाशाळेत (म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये) 1857 साली वर्ग भरू लागले, तेव्हा चित्रकार नव्हे तर कुशल कारागीर घडवायचे होते. पण संस्थानिक, पारशी शेटजी, न्यायमूर्ती यांना स्वतःची चित्रं हवी होती. गिऱ्हाईक होतं म्हणून तैलरंगातलं व्यक्तिचित्र वाढलं. विद्यार्थी आधी प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून रेखाटनं करीत. मग डोकं, मग वस्त्रांतली आकृती.

महायुद्ध संपता संपता आलेल्या ब्रिटिश प्रमुखांनी 1919 मध्ये नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला आणि वाद पेटला. काहींना त्यात अनीती दिसली. बंगालकडून आलेला आक्षेप जास्त वजनदार होता: हे पाश्चात्त्यांचं अनुकरण, भारतीय कला कल्पनेतून येते. पण कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय धर्तीचं शिक्षण मागे सारलं, तेव्हा तिथल्याच विद्यार्थ्यांनी विरोध केला होता आणि काहींनी बाहेर पडून वेगळी शाळा काढली होती. हे क्वचितच सांगितलं जातं. शिवाय मुंबईच्या त्याच प्रमुखांनी लगोलग भित्तिचित्रांचाही वर्ग काढला, तो भारतीय अलंकरणाकडे झुकलेला. म्हणजे आरोप अर्धाच खरा. व्यक्तिचित्रापुरतं बोलायचं तर निर्णय योग्यच होता. मान खांद्यात कशी बसते हे उघड्या अंगावर समजलं की उपरण्याखालचा देहही रंगवता येतो.

पुढच्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या चित्रकारांचा हात तयार झाला: छायेत रंग पातळ, उजेडात जाड, फटकारा थेट, घोटणं कमी. 1947 नंतर आधुनिकांचा जोर वाढला आणि ‘अकॅडमिक’, म्हणजे कलाशाळेच्या शिस्तीतलं हुबेहूब चित्रण, ही जवळजवळ शिवी झाली. व्यक्तिचित्र सभागृहांच्या भिंतींवर गेलं, तेही बऱ्याचदा फोटोवरून. फोटोच्या सपाट छाया त्यात लगेच ओळखू येतात.

तरी समोर माणूस बसवून दोन-तीन तासांत डोकं उभं करायचं प्रात्यक्षिक टिकलं. 2006 मध्ये व्यक्तिचित्रकारांच्या अमेरिकी संस्थेचा सर्वोच्च पुरस्कार मुंबईच्या चित्रकाराकडे आला, तेव्हा या परंपरेकडे पुन्हा लक्ष गेलं. आता मुलं इंटरनेटवरून पॅरिसचे एकोणिसाव्या शतकातले रेखाटनाचे तक्ते उतरवून घेतात, करड्या रंगात आधी चित्र बांधून त्यावर थर चढवायची फ्लॉरेन्सकडची रीत शिकतात. त्या रीतीत एका मॉडेलसमोर कित्येक आठवडे बसावं लागतं. इथे इतके दिवस मॉडेल परवडत नाही, म्हणून थर पुन्हा फोटोवरूनच चढतात.