चिखल-रंगांच्या वर्गाला मूल पाठवताना

पालकहो,

दर शनिवारी दारात एक प्रश्न हमखास येतो: "ताई, कपडे खराब नाही ना होणार?" होणार. म्हणून हे पत्रक.

वाढदिवसाचा फ्रॉक किंवा पांढराशुभ्र टीशर्ट घालून आलेलं मूल मातीपाशी बसतं खरं, पण हात छातीशी धरून. "आई रागवेल" हे अडीच वर्षांच्या मुलालाही पक्कं ठाऊक असतं. मग बाह्या दुमडा, एप्रन बांधा, समजूत काढा. दीड तासातली वीस मिनिटं त्यातच जातात. तेव्हा जुना, आखूड बाह्यांचा कपडा घाला, पिशवीत एक जोड आणि पंचा द्या. आणि सोडून जाताना "घाण करू नकोस हं" एवढं मात्र म्हणू नका. ते एकदा कानावर पडलं की मूल पुढचा तासभर बोटंच वापरत नाही.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि पालक घाबरून फोन करतात. आधी नुसत्या पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळत घाला, डाग उतरत जातो.

दुसरी विचारणा, "चार वर्षांचा झाला, लिहायला कधी बसवणार?" मनगटाची हाडं जन्मतः मऊ कूर्चेची असतात, ती टणक हाडं व्हायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून लिहिण्याची घाई नको, आधी हात तयार होऊ द्या. शाडूचा गोळा मळणं, ओला स्पंज पिळणं, चिमटीने कणकेचे तुकडे तोडणं यातून पेन्सिल धरणारी बोटं तयार होतात. शिवाय चिकट, बुळबुळीत, भुसभुशीत, रवाळ हे शब्द चित्र दाखवून शिकवता येत नाहीत, ते हाताला लागावे लागतात. काही मुलांना ओलं अजिबात सोसत नाही. त्यांना आम्ही आधी चमचा देतो, जबरदस्ती करत नाही.

"माती-पाण्याचीच फी?" असंही कुणी विचारतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला खडे, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं. आमची फी सहा मुलांमागे एका ताईची आहे. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, म्हणून टबापासून ताई हलत नाही. तीन वर्षांखालच्या गटात चणे-राजमा ठेवत नाही, ते नाकात जातात, घशात अडकतात. रांगोळी डोळ्यांत उडते आणि बोरॅक्सचा (टाकणखाराचा) चिकट स्लाइम तोंडात जाऊ शकतो, म्हणून दोन्ही वर्ज्य. रंग हळद, बीट आणि पालकाचे. गव्हाची अॅलर्जी असेल तर आदल्या दिवशी कळवा, त्या शनिवारी कणीक काढणार नाही.

घरी न्यायला वस्तू मिळत नाही, कारण बहुतेक वेळा वस्तू होतच नाही. "काय बनवलंस?" पेक्षा "हाताला कसं लागलं?" विचारून पाहा, मुलं भरभरून सांगतात.

घरी करायचं असेल तर दोन वाट्या कॉर्नफ्लॉवरमध्ये साधारण एक वाटी पाणी घाला. मुठीत दाबलं की घट्ट, सैल सोडलं की ओघळतं. मुलं तासभर सोडत नाहीत. शाडूचे अर्धा किलोचे गोळे आमच्याकडे मिळतात. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. वाळलाच तर ठेचून पुन्हा भिजवा. यातलं काहीही मोरीत ओतू नका, नळी तुंबते. मातीचं पाणी कुंडीला घाला, कॉर्नफ्लॉवर वाळवून कचऱ्यात टाका.