शितावरून भात कळतो, पण किती आहे ते नाही कळत

माझी भाची अकरावीत आहे, इथेच इंदूरला, परवा थर्मोडायनॅमिक्सची, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राची, वही घेऊन आमच्याकडे बसली होती. पानावर दोन कॉलम, डावीकडे एक्स्टेन्सिव्ह उजवीकडे इंटेन्सिव्ह, आणि मला म्हणाली मावशी, हीट कपॅसिटी (अख्खी वस्तू एक अंश तापवायला लागणारी उष्णता) डावीकडे आणि स्पेसिफिक हीट (तिच्या एका ग्रॅमला लागणारी) उजवीकडे, हे सगळं पाठच करायचं का? मला खरंच वाईट वाटलं, कारण इतकी सुंदर गोष्ट आणि पोरं ती पाढ्यांसारखी घोकतायत.

तेवढ्यात आत आईनं पातेल्यातलं एक शीत काढलं, बोटात दाबलं आणि गॅस बंद केला. मी म्हटलं बघ, आजीनं आत्ता काय केलं? एका शितावरून अख्ख्या पातेल्याचं सांगितलं. भात शिजलाय का हे कुठल्याही शिताला विचार, उत्तर एकच येतं, पण भात किती जणांना पुरेल हे मात्र शिताला विचारून कळणारच नाही, त्याला पातेलंच बघावं लागतं. झालं, हाच फरक. एका शितावर जे कळतं ते इंटेन्सिव्ह, म्हणजे तापमान, दाब, घनता वगैरे, आणि अख्खं पातेलं लागतं ते एक्स्टेन्सिव्ह, म्हणजे वजन, घनफळ, आतली एकूण ऊर्जा, एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरलीय त्याचं माप). दोन पातेली एकत्र केली की वजनांची बेरीज होते, पण ८० अंशांचा भात आणि ८० अंशांचा भात मिळून १६० अंशांचा होत नाही ना.

ही दोन नावं अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड टोलमन यांनी १९१७ मध्ये दिली. पण उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं हे त्याच्या दीडशे वर्षं आधी, १७६० च्या दशकात, ग्लासगोला जोसेफ ब्लॅक आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत होते, आणि त्याआधी भल्याभल्यांची या दोघांत गल्लत व्हायची, तेव्हा अकरावीच्या मुलीला गोंधळल्यासारखं झालं तर त्यात काही लाज नाही.

आता आपल्या इंदूरच्या सराफ्याचंच घ्या. रात्री आपण तिथे गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खायला जातो पण दिवसा ती सोन्याचांदीची पेठ आहे, आणि सराफ बांगडी हातात आली की दोन वेगळी कामं करतो, एक म्हणजे काट्यावर वजन, त्याला अख्खी बांगडी ठेवावी लागते, आणि दुसरं म्हणजे कसोटीच्या काळ्या दगडावर एक बारीकशी रेघ. रेघेत सोनं असून असून किती असणार, पण २२ कॅरेट आहे की नाही ते त्यातून कळतं, कारण शुद्धता इंटेन्सिव्ह आहे, रेघेत जी तीच बांगडीत. आणि भाव किंवा बिल म्हणाल तर तेही तसंच. ग्रॅमचा भाव अंगठीला आणि हाराला एकच, बिल मात्र वजनाप्रमाणे वाढतं. बिल भागिले वजन केलं की भाव निघतो! दोन एक्स्टेन्सिव्ह गोष्टींचा भागाकार केला की किती माल आहे हा भाग उडून जातो आणि इंटेन्सिव्ह उरतं. वस्तुमान भागिले घनफळ म्हणजे घनता, आणि हीट कपॅसिटी भागिले वस्तुमान म्हणजे स्पेसिफिक हीट. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, पाठ करण्यासारखं त्यात काही नाही.

पण एक अट आहे आणि ती पुस्तकात एका ओळीत उरकतात म्हणून मुद्दाम सांगते. भात तळाला लागलाय आणि वर कच्चा आहे, तर शितावरून परीक्षा चुकणार. बांगडीत आत लाख किंवा तांबं भरलेलं असेल तर वरची रेघ खरी आणि निकाल खोटा, हल्लीची एक्स-रेवाली मशीनसुद्धा वरचा पातळ थरच बघते. मग घनता काढावी लागते, शुद्ध सोन्याची १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, चांदीची १०.५, तांब्याची ९ च्या जरा खाली, त्यामुळे आतली अशी भेसळ लपत नाही. म्हणजे सगळीकडे सारखं असेल तरच एक शीत पुरतं. थर्मोडायनॅमिक्समध्ये सतत समतोल-समतोल म्हणतात ना, ते याचसाठी, समतोलच नसेल तर अख्ख्या पातेल्याचं तापमान म्हणून एक आकडा सांगताच येत नाही.

सगळ्यात छान उदाहरण मला सिलिंडरचं वाटतं. गॅस संपत आला तरी ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत तशीच जोरात असते आणि मग नेमकी पाहुणे आल्यावर बसते, असं का? आत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याच्यावर त्याचीच वाफ, आणि त्या वाफेचा दाब जवळजवळ तापमानावरच ठरतो, द्रव १४ किलो आहे की १ किलो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेवटचा थेंब असेपर्यंत दाब तेवढाच. म्हणून दाबावरून गॅस किती उरलाय ते कळत नाही, वजनच करावं लागतं, सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं ते वजा करायचं, भरलेल्यात १४.२ किलो गॅस असतो. आई ओलं फडकं फिरवून बघते, जिथपर्यंत द्रव आहे तिथे ओल उशिरा सुकते आणि वरचा भाग पटकन कोरडा होतो, ती रेघ म्हणजे आत किती आहे त्याचा अंदाज. घरातल्या बायकांनी किती बरोबर ओळखलंय बघा, की इथे ज्योत बघून उपयोग नाही.

आणि कोण कोणाकडे वाहणार हे कशावर ठरतं? १०० ग्रॅम चहा ७० अंशांवर, आणि शेजारी १५ लिटर पाण्याची बादली २५ अंशांवर. दोन्ही शून्य अंशांपर्यंत थंड केले तर चहातून साधारण २९ किलोज्यूल निघतील आणि बादलीतून १५०० च्या वर, म्हणजे पन्नासपटीहून जास्त. तरी स्टीलचा पेला बादलीत ठेवला की उष्णता चहातूनच बादलीत जाते, आणि बादली जेमतेम ०.३ अंश वर चढते. साठा कोणाकडे जास्त हे निसर्ग विचारत नाही, तापमान कोणाचं जास्त तेवढंच बघतो. आपलं नर्मदेचं पाणीही तसंच, नदीत पाणी अफाट आणि आपल्या गच्चीवरची टाकी एवढीशी, पण नदी खाली आहे आणि इंदूर वर, म्हणून नदीकाठच्या जलूदपासून सुमारे ७० किलोमीटर पंपांनी ते पाणी चढवावं लागतं. पाणी पातळी बघून वाहतं, उष्णता तापमान बघून, हवा दाब बघून, वीज व्होल्टेज बघून, हे सगळे एकाच जातीचे, सगळे इंटेन्सिव्ह!

हे एवढं ऐकून भाचीनं आईच्या परातीतला कणकेचा गोळा घेतला, मधोमध कापला आणि मोजायला लागली, वजन अर्धं, घनता तीच, तापमान तेच. मग थांबली आणि म्हणाली मावशी, पृष्ठफळ? मला इतका आनंद झाला. १० सेंटिमीटरचा ठोकळा घे म्हटलं, पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर, मधून काप, एकेका तुकड्याचं ४००, दोघांचं मिळून ८००. तेच राहिलं नाही, अर्धंही झालं नाही, आणि बेरीज उलट वाढली. पोह्यात बटाटा बारीक चिरला की लवकर शिजतो त्यात हीच गंमत आहे. तिनं थोडा विचार केला, पट्टी मागितली आणि वहीत तिसरा कॉलम आखायला घेतला.