स्ट्रासबुर्गचं न्यायालय युरोपियन युनियनचं नाही

ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी युरोपियन युनियनमधून बाहेर पडला. मग जून 2022 मध्ये आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला नेणारं विमान युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने कसं रोखलं? ‘बाहेर पडूनही युनियनचंच चालतं’ असं तेव्हा खूप जणांनी म्हटलं, आजही म्हणतात. ते साफ चुकीचं आहे.

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचं हे न्यायालय ‘कौन्सिल ऑफ युरोप’चं. ही वेगळी संस्था 1949 मध्ये स्थापन झाली, आज तिचे 46 सदस्य आहेत आणि ब्रिटन त्यांत पहिल्या दिवसापासून आहे. युनियनचं न्यायालय लक्झेंबर्गमध्ये बसतं.

घोळ होतो तो नावांमुळे, आणि त्यात लोकांचा फारसा दोष नाही. ‘युरोपियन कौन्सिल’ म्हणजे युनियनच्या 27 देशांच्या प्रमुखांची बैठक. ती दिशा ठरवते, कायदे करत नाही. ‘कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन’मध्ये खात्याखात्याचे मंत्री बसतात. कायद्याचा मसुदा कमिशन, म्हणजे ब्रसेल्समधलं युनियनचं प्रशासन, मांडतं, पण तो मंजूर करतात हे मंत्री आणि थेट निवडून आलेली संसद. त्यामुळे ‘ब्रसेल्सचे बाबू कायदे लादतात’ हेही खरं नाही.

भर म्हणजे झेंडाही एकच! निळ्यावर बारा सोनेरी तारे. तो 1955 मध्ये कौन्सिल ऑफ युरोपने स्वीकारला, युनियनने तीस वर्षांनी घेतला. तारे बाराच राहतात, सदस्य कितीही असोत. दोघांच्या इमारतीही स्ट्रासबुर्गमध्ये जवळजवळ. बातमीत नुसतं ‘युरोपचं न्यायालय’ दिसलं, तर आधी शहराचं नाव बघा.