रथसप्तमी म्हणजे संक्रांतीचा शेवटचा दिवस नव्हे

दर वर्षी जानेवारीत तेच वाक्य कानावर येतं: ‘रथसप्तमीला संक्रांत संपते.’ संक्रांत एका क्षणाची असते. सूर्य मकर राशीत शिरला की झाली. त्यानंतर चालू राहतात ती आपली हळदीकुंकवं, वाण लुटणं आणि लहानग्यांची बोरन्हाणं. त्यांना रथसप्तमीपर्यंत मुभा आहे, इतकाच दोघींचा संबंध.

भोगीची भाजी, सुगडं, तिळगूळ, काळी साडी, हलव्याचे दागिने हे कुणाला नव्याने सांगायला नको. गोंधळ आहे तो तारखांचा, आणि तिथेच नीट थांबायला हवं.

संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरते, म्हणून ती इंग्रजी तारखेला जवळजवळ चिकटून असते: १४ किंवा १५ जानेवारी. (तीही कायमची नाही, हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३.) रथसप्तमी मात्र तिथी आहे, माघ शुद्ध सप्तमी. तिथी चंद्रावर चालते. म्हणजे खास सूर्याचा म्हणून जो सण आपण करतो, त्याचा दिवस चंद्र ठरवतो! हे एकदा लक्षात आलं की बाकीचं कोडं आपोआप सुटतं.

दोघींमधलं अंतर दर वर्षी बदलतं ते यामुळेच. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला होती, पौष शुद्ध पक्षात. तिथून उरलेला सगळा पौष आणि माघाचे सात दिवस जायचे होते, म्हणून रथसप्तमी आली थेट १६ फेब्रुवारीला. २०२६ मध्ये संक्रांत १४ जानेवारीला, पण पौष वद्य एकादशीला. अमावास्या चार दिवसांवर, त्यामुळे २५ जानेवारीला रथसप्तमी हजर. एका वर्षी हळदीकुंकवाला महिना मिळतो, दुसऱ्या वर्षी जेमतेम अकरा दिवस. यात पंचांगाची चूक काहीच नाही. ‘संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी रथसप्तमी’ असं ठामपणे सांगणाऱ्यांनी मात्र एकदा कालनिर्णयाची पानं उलटून बघावीत.

आणखी एक वाक्य मला सहन होत नाही: ‘रथसप्तमीपासून सूर्य उत्तरेकडे वळतो.’ आकाशात तो वळतो २१-२२ डिसेंबरच्या सुमारास. दिवस तेव्हापासूनच मोठा होऊ लागलेला असतो. भीष्मांनी संक्रांतीला देह ठेवला, हेही असंच सांगितलं जातं. परंपरा त्यांचं श्राद्ध करते ते माघ शुद्ध अष्टमीला, म्हणजे रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी.

पूजेत तर दोन्ही दिवस अगदी वेगळे. संक्रांतीला आपल्या घरांत पूजा होते ती सुगडांची: ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. सूर्य निमित्त असतो, पण समोर नसतो. रथसप्तमीला तो स्वतः पाटावर येतो. रक्तचंदनाने सात घोड्यांचा रथ काढायचा, सारथी अरुण, आत सूर्यनारायण. हा त्याचा जन्मदिवस मानतात, कश्यप आणि अदितीचा मुलगा म्हणून. पहाटे डोक्याखांद्यांवर रुईची सात पानं ठेवून स्नान. मग अंगणात, तुळशीपाशी, गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध ठेवायचं आणि उतू जाऊ द्यायचं. एरवी दूध उतू गेलं की हळहळणारी घरं त्या दिवशी ते कोणत्या दिशेला सांडतंय हे डोळ्यांत तेल घालून बघतात. हे सगळं सोडून रथसप्तमीला फक्त ‘हळदीकुंकवाची शेवटची तारीख’ करून टाकणं मला खरोखर खटकतं. वाण एक वर्ष राहिलं तरी चालेल, दूध उतू घालवायचं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारीख बघताना एक करा: सप्तमी पहाटे, अरुणोदयाच्या वेळी कोणत्या दिवशी आहे ते पाहा. दुपारी सप्तमी लागत असेल, तर तो दिवस रथसप्तमीचा नाही, कारण या दिवसाचं मुख्य कर्म स्नान आहे आणि त्याची वेळ सूर्य उगवण्याआधीची.