मॉन्स्टर फिगर घेताना आणि विकताना: दर्जा कसा पाहायचा, भाव कसा ठरवायचा

मॉन्स्टर फिगर म्हणजे चित्रपटांतल्या अक्राळविक्राळ प्राण्यांचं खेळणं किंवा पुतळा. ती चांगली आहे का आणि ती महाग आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मारुसान या जपानी खेळणी कंपनीने १९६६ मध्ये काढलेली व्हिनाइलची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) गॉडझिला मुलांच्या खेळण्यासाठी होती. १९५४ च्या चित्रपटातल्या गॉडझिलाशी तिचं साम्य बेताचंच, तरी संग्राहक तिच्यासाठी भरपूर मोजतात. उलट खवला न् खवला कोरलेला एखादा नवा रेझिनचा पुतळा दोन वर्षांत मूळ किमतीच्याही खाली येतो. म्हणून आधी वस्तू तपासावी आणि भावाकडे नंतर वळावं. हे पत्रकही त्याच क्रमाने लिहिलं आहे.

तपासणीला पाच गोष्टी लागतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. हा शेवटचा टॉर्च डोळ्यांकडे धरू नका.

कशाची बनली आहे?

पहिला प्रश्न हाच, कारण प्रत्येक मालाची दुखणी वेगळी असतात.

जुन्या जपानी मॉन्स्टर खेळण्यांपैकी बरीचशी सोफुबीची, म्हणजे मऊ व्हिनाइलची असतात. पातळ व्हिनाइल धातूच्या साच्यात ओतून साचा तापवतात. कडेला पुरेसा थर धरला की उरलेलं ओतून टाकतात आणि भाग मऊ असतानाच साच्याच्या तोंडातून ओढून काढतात. त्यामुळे फिगर पोकळ आणि हलकी असते, आणि डोकं, हात, पाय, शेपूट हे भाग वेगवेगळे बनवून बसवलेले असतात. दोषही या पद्धतीतूनच येतात. नखांच्या आणि शेपटीच्या टोकाशी हवा अडकून बारीक भोकं राहतात, आणि कुठे भिंत जाड तर कुठे पातळ होते. फिगर हलकेच दाबून पाहा. एका मांडीला बोट सहज आत जात असेल आणि दुसरीला जात नसेल तर ओतकाम असमान आहे.

सोफुबीची खरी परीक्षा सांध्यांवर होते. प्रत्येक भागाच्या तोंडाशी आत वळलेली कडा असते आणि तीच तो भाग धरून ठेवते. व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, भाग किंचित आक्रसतो, कडक होतो आणि ही कडा तडकते. मान आणि शेपटीचा सांधा भिंगाखाली पूर्ण फिरवून पाहा. एखादा भाग काढायचाच असेल तर हेअर ड्रायरने सांधा चांगला कोमट आणि लवचिक करून घ्या. थंड व्हिनाइल ओढलं की कडा फाटते, आणि फाटलेली कडा पूर्ववत करता येत नाही.

बंडाईच्या एस.एच.मॉन्स्टरआर्ट्ससारख्या आधुनिक, अनेक सांध्यांच्या फिगर्स पीव्हीसी आणि एबीएस या प्लास्टिकांच्या असतात. त्यांचे घोटे आणि कंबर आधी तपासा. फिगर आधाराशिवाय उभी राहते का, शेपटीचे दुवे एकसारखे घट्ट आहेत का, सांध्याजवळ पांढरट ताणरेषा आहेत का? ताणरेषा दिसली तर तो भाग पुढे तुटण्याची शक्यता धरूनच भाव करा.

पॉलीस्टोन म्हणजे दगडाची पूड मिसळलेलं रेझिन. हाताला थंड आणि जड लागतं, तपशील सुंदर उतरतो, पण ठिसूळ असतं. नखं, शिंगं, पाठीवरचे काटे आणि घोटे इथे ते मोडतं. दुरुस्ती साध्या उजेडात अनेकदा दिसतच नाही. अंधारात अतिनील टॉर्च मारा: गोंद आणि नंतर लावलेला रंग बहुतेक वेळा आजूबाजूच्या मूळ रंगापेक्षा वेगळा चमकतो किंवा काळपट दिसतो.

पॉलीस्टायरीनचे (कडक प्लास्टिकचे) सुटे भाग जोडून बनवायचे किट हा वेगळा वर्ग आहे. ऑरोरा या अमेरिकी कंपनीचा फ्रँकेनस्टाइन १९६१ मध्ये आला आणि त्यामागोमाग ड्रॅक्युला, वुल्फमॅन वगैरे. इथे सांगाड्यावरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) न तोडलेले भाग, माहितीपत्रक आणि खोका हे सगळं एकत्र असेल तरच वरचा भाव मिळतो. ऑरोराचे बरेच साचे पुढे मोनोग्राम या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि त्यांतून नव्या आवृत्त्या निघाल्या. म्हणून नुसता आकार पाहून किट जुनं ठरवू नका, खोक्यावरचं आणि भागांवरचं नाव जुळवा.

घडण आणि रंग

फिगर चेहऱ्यासमोर धरून सुरुवात करा. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला पाहतात का? दात एकेक सुटे रंगवले आहेत की पांढरी पट्टी ओढली आहे? हिरड्यांचा रंग ओठांवर सांडला आहे का? मग पाठीवर या. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे जोडरेषा राहतेच, पण चांगल्या घडणीत ती खवल्यांच्या कडेने किंवा काट्यांमागून नेलेली असते. सपाट छातीच्या मधोमध ठळक जोडरेषा दिसली तर काम घाईचं आहे.

स्प्रेच्या रंगात एक छटा दुसरीत विरत गेलेली दिसली पाहिजे. जुन्या सोफुबीवर मात्र हा निकष लावू नका. त्यांवर मोजकेच फवारे असत, ते थोडे इकडेतिकडे जात आणि तेच त्यांचं मूळ रूप आहे. अशा फिगरवर रंगकाम अगदी रेखीव दिसलं तर ती नंतर कुणीतरी रंगवली असण्याची शक्यता जास्त. बगलेत, मांडीच्या आत आणि सांध्याच्या आतल्या कडेवर दुसरा थर दिसतो का ते पाहा. पुन्हा रंगवलेल्या जुन्या फिगरचा भाव बराच खाली येतो, मग ते काम कितीही कुशल असो.

चिकट पृष्ठभाग म्हणजे मऊ ठेवणारं द्रव्य वर आलेलं असतं. बंद खोक्यात, उष्ण जागी हे जास्त होतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग सावलीत पूर्ण वाळवणं, एवढं पुरतं. रंगवलेल्या जुन्या वस्तूवर आधी तळपायाखाली करून पाहा. ॲसिटोन तर लावूच नका, रंग जाईल. काही महिन्यांनी चिकटपणा पुन्हा येऊ शकतो, आणि विकताना तो सांगायला हवा.

पीव्हीसीचा पाय वाकून फिगर कलली असेल तर तेवढा भाग साधारण ६० ते ७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. पॉलीस्टोनवर किंवा आत दिवे-आवाज असलेल्या फिगरवर हा उपाय करू नका.

अस्सल की नक्कल

बहुतेक नकला अस्सल फिगरवरूनच साचा काढून केल्या जातात. नवं ओतकाम थंड होताना आक्रसतं, म्हणून नक्कल मूळ फिगरपेक्षा थोडी लहान भरते, खवल्यांच्या कडा बोथट होतात आणि तळपायावरची हक्कखूण (कॉपीराइटची खूण) पुसट उमटते. उंची, शेपटीची लांबी आणि वजन अस्सल फिगरच्या मापांशी ताडून पाहा. उंची नीट जुळत नसेल आणि अक्षरंही पुसट असतील, तर पुढे विचार करण्यासारखं फारसं उरत नाही. गॅरेज किटच्या, म्हणजे हौशी किंवा छोट्या निर्मात्यांनी थोड्या संख्येने काढलेल्या किटच्या बाबतीत ही तपासणी फारच गरजेची आहे. जपानच्या मेळाव्यांत काही किट केवळ त्या एका दिवसाच्या परवान्यावर विकले जातात. मूळ संख्या थोडी असल्यामुळे नकलांना तिथे मोठा वाव मिळतो.

तळपायावरचं साल म्हणजे उत्पादनाचं साल नव्हे. ते अनेकदा पात्राच्या किंवा साच्याच्या हक्काचं असतं आणि पुढच्या आवृत्त्यांवरही तसंच राहतं. साचे एका कंपनीकडून दुसरीकडेही जातात: मारुसानचे काही साचे नंतर बुलमार्क या जपानी कंपनीने वापरले, आणि मारुसानच्या नावाने जुन्या ढंगाच्या फिगर्स पुढे पुन्हा निघाल्या. तेव्हा खूण, व्हिनाइलचा रंग, फवाऱ्यांची मांडणी आणि टॅग हे चारही एकत्र जुळले पाहिजेत.

अंधारात चमकणाऱ्या फिगर्ससाठी एक नेमकी चाचणी आहे. जुन्या काळी झिंक सल्फाइड वापरत, त्याची चमक काही मिनिटांतच बरीच उतरते. तासन् तास चमकणारं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट १९९० च्या दशकात बाजारात आलं. फिगर १९७० च्या आसपासची म्हणून दाखवली जात असेल आणि रात्रभर उजेड देत असेल, तर ती किंवा तिच्यावरचा रंग नवा आहे.

पूर्ण आहे का?

हरवलेले भाग भाव सर्वात झपाट्याने पाडतात. केनर या अमेरिकी कंपनीचा १९७९ चा १८ इंची एलियन (त्याच नावाच्या चित्रपटातला प्राणी) पाहताना डोक्यावरचा पारदर्शक घुमट, आतला जबडा आणि शेपूट आधी तपासा. घुमट अनेकदा हरवलेला, तडकलेला किंवा नव्याने बनवून बसवलेला असतो. मॅटेलच्या शोगन वॉरियर्स या खेळण्यांच्या मालिकेतल्या १९७७ च्या गॉडझिलाची उडणारी मूठ आणि शेपूट अशीच गायब असते. नवा बनवलेला भाग बसवणं गैर नाही, पण तो अस्सल म्हणून मोजायचा नाही.

खोक्याचं थोडक्यात: जुन्या फिगरचा रिकामा खोकाही विकला जातो, आणि व्हिनाइल फिगरचा कागदी टॅग जपलेला असला तर भाव चांगलाच वाढतो. पॉलीस्टोनसाठी मूळ फोम महत्त्वाचा, कारण त्याशिवाय पुतळा सुखरूप पाठवणं कठीण.

भाव

विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. प्रत्यक्ष विक्री झालेले व्यवहार शोधा: तोच निर्माता, तीच आवृत्ती, तीच अवस्था. गेल्या वर्षभरातले पाच-सहा मिळाले तर सर्वात वरचा आणि सर्वात खालचा सोडून मधल्यांवर नजर ठेवा. लिलावातल्या आकड्यात खरेदीदाराचं शुल्क धरलं आहे का ते तपासा. टपालखर्च आणि सीमाशुल्क तुमच्या हिशेबात आलं पाहिजे, फिगरच्या भावात नव्हे. निर्मात्याने पुनर्आवृत्ती जाहीर केली की आधुनिक फिगरचा भाव महिन्याभरात घसरू शकतो, म्हणून घेण्याआधी निर्मात्याच्या घोषणा पाहून घ्या. मर्यादित आवृत्तीत एकूण संख्येला महत्त्व आहे. तुमची प्रत तिसरी की तीनशेवी, याने सहसा फारसा फरक पडत नाही.

ठेवताना

थेट ऊन टाळा. उन्हाने पांढरं एबीएस पिवळं पडतं आणि रंग उडतो. व्हिनाइलची फिगर पॉलीस्टायरीनच्या तळावर किंवा रंगवलेल्या फळीवर थेट उभी करू नका. बाहेर येणारं द्रव्य पॉलीस्टायरीन विरघळवतं आणि पाय कायमचे चिकटतात. मध्ये काच किंवा पॉलिस्टरची फिल्म ठेवा. हवाबंद पिशवी नको, हवा खेळती हवी.

आमच्याकडे मूल्यांकनाला देताना

आठ फोटो पाठवा: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, चेहरा जवळून, दोन्ही तळपाय, टॅग किंवा खोक्याचा प्रत्येक छापील भाग, आणि सगळ्यात वाईट दोषाचा एक. सोबत मिलिमीटरमध्ये उंची आणि ग्रॅममध्ये वजन लिहा. फिगर धुतली, चिकटवली किंवा रंगवली असेल तर तसं कळवा. आमच्या लेखी अहवालात मूळ भाग, बदललेले भाग आणि दुरुस्त्या वेगवेगळ्या नोंदवल्या जातात, आणि भाव एका आकड्यात न देता खालच्या व वरच्या मर्यादेसह दिला जातो. पाठवण्याआधी फिगर साफ करू नका. धुळीखालचा मूळ रंग आम्हाला तसाच पाहायचा असतो.