सगळ्या गाठी काढल्या म्हणजे आयुष्य वाढतं का?

तळपायावर काळा डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय कुरूपाचा. मुरबाडच्या शेतात काय आणि ठाण्याच्या सोसायटीत काय, आधी कॉर्न कॅप लागते, मग ब्लेडने खरवडणं होतं. डाग पसरून रक्त यायला लागलं की मग डॉक्टर आठवतात. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, गोऱ्या लोकांत बहुतेक वेळा उन्हाशी जोडलेला असतो. आपल्यात तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली निघतो. नखात रुंद होत जाणारी उभी काळी रेघ आणि तो काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेला दिसला, तर आठवडाही घालवू नये.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, कारण पायातली लस, म्हणजे लिम्फ नावाचा द्रव, तिथल्या लसिकाग्रंथींत गाळली जाते. डागातून सुटलेली कर्कपेशीही अनेकदा आधी तिथेच अडकते. यातली पहिली ग्रंथी नेमकी शोधून काढायची पद्धत अमेरिकन सर्जन डोनाल्ड मॉर्टन यांनी 1992 साली मांडली. डागाजवळ निळा रंग टोचायचा, तो सगळ्यात आधी ज्या ग्रंथीत पोचेल तीच काढून तपासायची. आता जोडीला किरणोत्सारी टेक्नेशियमही देतात. त्याचं अर्धायुष्य फक्त 6 तासांचं, म्हणजे दर 6 तासांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. आपल्या वाशीत अणुऊर्जा खात्याचं ‘ब्रिट’ हे मंडळ टेक्नेशियमच्या औषधांचे संच तयार करतं.

त्या ग्रंथीत रोग सापडला की घरचे म्हणतात, "डॉक्टर, एकदाच काय ते सगळं काढून टाका." डॉक्टरही कित्येक वर्षं तेच करत होते. 2017 मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. जवळजवळ दोन हजार रुग्णांपैकी निम्म्यांच्या उरलेल्या ग्रंथी लगेच काढल्या, बाकीच्यांवर सोनोग्राफीने नजर ठेवली. तीन वर्षांनी मेलॅनोमाने न दगावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, 86 टक्के. ग्रंथी काढलेल्यांत त्या जागी रोग कमी उलटला, हे खरं. पण हातापायाला सूज 24 टक्क्यांना आली, दुसऱ्या गटात 6 टक्क्यांना. सुजलेला पाय घेऊन रोज ठाणे-पनवेल लोकलमध्ये उभं राहणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

म्हणून डॉक्टर ‘थांबू या’ म्हणाले तर ती हयगय समजू नका. मात्र त्या चाचणीत थांबणं म्हणजे पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी तपासणी आणि सोनोग्राफी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. खारघरच्या टाटाच्या केंद्रात यायला लांबच्या माणसाचा दिवस मोडतो, तरी ती तारीख चुकवायची नाही. शिवाय त्या रुग्णांत तळपायाचे मेलॅनोमा थोडेच होते, हेही डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्या.

रोगाने ग्रंथीची गाठ हाताला लागण्याइतकी मोठी झाली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सहसा शस्त्रक्रिया लागते, पण क्रम बदलतोय. 2023 च्या एका चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या औषधाचे तीन डोस आधी देऊन मग शस्त्रक्रिया केली, तेव्हा दोन वर्षांनी 72 टक्के रुग्णांचा रोग बळावला किंवा उलटला नव्हता. सगळे डोस शस्त्रक्रियेनंतर दिलेल्यांत हा आकडा 49 टक्के होता. गाठ अंगात असतानाच औषध मिळालं, तर प्रतिकारपेशींना शत्रू ओळखायला जास्त खुणा मिळतात, असं संशोधकांना वाटतं. औषध अतिशय महाग आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच हा विषय काढलेला बरा.